उशाशीं बसलेला कवि

पत्नीच्या मरणानें व्याकुळ झालेल्या पतीचें चित्र काव्यांत शोधूं म्हटलें, कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो तो ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गांतला अज. नारदाच्या वीणेवरची दिव्य पुष्पमाला वाऱ्यानें उडून इंदुमतीच्या उरावर पडते आणि ती तत्काळ प्राण सोडते. ‘कुमारसंभवां’त रतीला वैधव्य येतें तेंही एका निमिषांत; शंकराचा तिसरा डोळा उघडतो आणि मदनाची राख होते. सावित्रीची कथा पातिव्रत्याचा आदर्श म्हणून घरोघर सांगितली जाते. परंतु तिच्या वांट्याला पतीचें दुखणें असें किती वेळ आलें? लाकडें तोडतां तोडतां सत्यवानाचें मस्तक दुखूं लागलें, त्यानें तें तिच्या मांडीवर टेकलें, आणि यम समोर उभा राहिला. आमच्या कवींनीं मरण पाहिलें, विरह पाहिला, विलाप तर पोटभर ऐकला. परंतु दुखणें कळल्यापासून शेवट होईपर्यंत जो काळ जातो, जो औषधाच्या वेळा सांभाळण्यांत, उशी उंच करण्यांत, वैद्याच्या पावलांची चाहूल घेण्यांत आणि दाराबाहेर ताटकळत बसण्यांत जातो, त्या काळाकडे त्यांचें लक्ष फारसें गेलें नाहीं.

याचें कारण आमच्या रसव्यवस्थेंतही सांपडतें. करुणाचा स्थायी भाव शोक; आणि शोकाला इष्टजनाचा नाश घडून गेलेला असावा लागतो. प्रिय व्यक्ति जोंवर श्वास घेत आहे तोंवर शास्त्रानें शोकाला परवानगी दिलेली नाहीं. बरें, विप्रलंभ शृंगार म्हणावा, तर त्याला वियोग हवा. आणि येथें तर दोघेंही एकाच खोलींत, हातभर अंतरावर असतात. पुनर्भेटीची आशा असेल तर विप्रलंभ, नसेल तर करुण, अशी सीमारेषा साहित्यशास्त्र्यांनीं आंखून ठेविली आहे. रोग्याच्या उशाशीं बसलेल्या माणसाच्या मनांत मात्र सकाळीं आशा असते, दुपारीं ती मावळते, आणि रात्रीं तापमापकाचा पारा उतरला कीं पुन्हा उगवते. त्याचा भाव कोणत्या रसाच्या खात्यावर मांडावयाचा?

हा मधला काळ हल्लींच्या वैद्यकानें फार लांबविला आहे. पूर्वीं जो रोग आठवड्यांत निकाल लावी तो आतां वर्ष-दोन वर्षें घरांत मुक्कामाला राहतो. कर्करोगाची गोष्ट तर विशेष. रसायनोपचाराची एक फेरी, मग विश्रांतीचे आठवडे, मग रक्ताची तपासणी, मग दुसरी फेरी. शस्त्रक्रिया झाली तर तीनंतर उठून बसण्याचा, पाऊल टाकण्याचा, घांस गिळण्याचा नव्यानें अभ्यास. रोगी बरा होत आहे कीं हातचा जात आहे, हें महिनोन्महिने कोणासच निश्चयानें सांगतां येत नाहीं. अशा काळाचें, आणि रोग्याच्या नव्हे तर त्याच्या जोडीदाराच्या दृष्टीनें, काव्य होऊं शकतें काय? होऊं शकतें, आणि फार मोलाचें होऊं शकतें, असें अमेरिकन कवि डॉनल्ड हॉल याचीं दोन पुस्तकें वाचून आमचें मत झालें. पहिलें, १९९८ सालीं निघालेला ‘विदाउट’ हा कवितासंग्रह. दुसरें, २००५ सालचें ‘द बेस्ट डे द वर्स्ट डे’ हें गद्य आठवणींचें पुस्तक. दोहोंचा विषय एकच: जेन केन्यन या त्याच्या कवयित्री पत्नीचें दुखणें आणि मरण.

हॉलचा जन्म १९२८ सालचा, जेनचा १९४७ सालचा. मिशिगन विद्यापीठांत तो अध्यापक होता, ती विद्यार्थिनी. १९७२ सालीं त्यांचा विवाह झाला. तीन वर्षांनीं तीं दोघें न्यू हॅम्पशर संस्थानांत हॉलच्या आजोळच्या जुन्या शेतघरांत राहावयास गेलीं, आणि विद्यापीठाची बांधलेली नोकरी सोडून हॉलनें लेखणीवर संसार चालविण्याचें ठरविलें. दोघेंही सकाळीं लिहीत, एकमेकांच्या कविता तपाशीत, खोडीत, पुन्हा लिहीत. वयांत जवळजवळ एकोणीस वर्षांचें अंतर असल्यामुळें जेनला एक दिवस वैधव्य येणार हें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. १९८९ सालीं हॉलच्या मोठ्या आंतड्याला कर्करोग झाला आणि १९९२ सालीं तो यकृतांत उतरला, तेव्हां तर तो दिवस उंबरठ्यावर आल्यासारखाच वाटला. त्या वेळीं उशाशीं बसली ती जेन. तिच्या ‘कॉन्स्टन्स’ (१९९३) या संग्रहांत ‘फेअरो’ नांवाची एक लहानशी कविता आहे. शस्त्रक्रिया होऊन घरीं आलेला पति झोंपला आहे, आणि त्याच्या भोंवतालच्या नित्याच्या वस्तु, चष्मा, पाणी, पुस्तक, या पत्नीला पिरॅमिडांत राजाच्या सोबतीस ठेवलेल्या वस्तूंसारख्या भासतात. भीति एवढ्या शांतपणानें सांगितलेली आम्हीं क्वचितच वाचली आहे.

परंतु दैवानें पान उलटलें तें भलत्याच बाजूनें. जानेवारी १९९४ मध्यें जेनला रक्ताचा कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें. पंधरा महिन्यांनीं, २२ एप्रिल १९९५ रोजीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं ती गेली. ज्याच्या मरणाची सर्वांना धास्ती होती तो हॉल मात्र पुढें तेवीस वर्षें जगला व २०१८ सालीं एकोणनव्वदाव्या वर्षीं वारला.

जेनच्या रोगाचें स्वरूप थोडें समजून घेतल्यावांचून या कवितांतील ताण नीट कळणार नाहीं. तिच्या रक्तपेशींत ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ नांवाची विकृति होती. १९६० सालीं त्याच नांवाच्या शहरांतील दोन संशोधकांनीं ती प्रथम ओळखली. ती असली कीं नुसत्या रसायनोपचारानें रोग मुळासकट जाण्याची आशा त्या काळीं फार थोडी असे. उरे तो एकच मार्ग: परक्याची अस्थिमज्जा रोग्याच्या शरीरांत घालणें. ही विद्या सिअॅटल येथें ज्यांनीं नांवारूपास आणिली त्या डॉ. डॉनल थॉमस यांस १९९० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. तेव्हां घरापासून खंडाच्या दुसऱ्या टोंकाला असलेल्या त्या शहरीं हीं दोघें गेलीं, आणि नोव्हेंबर १९९४ मध्यें एका अपरिचित दात्याची मज्जा जेनला देण्यांत आली. या उपचारांत आधीं जबर औषधांनीं व सर्व शरीरावर किरण सोडून रोग्याची स्वतःची मज्जा मारून टाकावी लागते. मग दात्याची मज्जा, रक्त द्यावें तशी, शिरेंतून आंत जाते. आणि ती रुजते कीं नाहीं याची वाट पाहत आठवडे काढावे लागतात. तेवढे दिवस साधी सर्दीही जीवघेणी. इस्पितळांतून बाहेर पडल्यावरही रोग्यास घरीं जातां येत नाहीं. जवळच बिऱ्हाड करून रोज तपासणीस यावें लागतें, आणि अहोरात्र सोबतीस एक माणूस लागतें. तें माणूस म्हणजे हॉल. फेब्रुवारींत तीं घरीं परतलीं. एप्रिलमध्यें रोग उलटला असें डॉक्टरांनीं सांगितलें, आणि त्यानंतर अकरा दिवसांत सर्व संपलें. त्याच गुणसूत्राच्या करणीवर नेमका घाव घालणारें इमॅटिनिब हें औषध अमेरिकेंत प्रथम संमत झालें तें २००१ सालीं, तेंही आधीं रक्तकर्करोगाच्या दुसऱ्या एका जातीसाठीं. हें ठाऊक असलेल्या आजच्या वाचकाला ते पंधरा महिने अधिकच जड वाटतात.

आतां कवितांकडे वळूं. ‘विदाउट’चा पूर्वार्ध ज्या दीर्घ काव्यमालेनें व्यापला आहे ती तुकड्यातुकड्यांनीं इतर कवितांच्या मधून मधून येते, दुखणें जसें संसारांत मधून मधून डोकें वर काढतें, तसें. तिच्या आरंभींच आपण नवऱ्याला पत्नीच्या खाटेपाशीं पाहतों. औषध थेंबाथेंबानें नळींतून तिच्या हृदयाकडे जात आहे. तो कॉफी पितो, वर्तमानपत्र वाचतो, येरझारा घालतो, तिची पाठ चोळतो, तिला वाचून दाखवितो. यांत अलंकार नाहीं, उपमा नाहीं. सोबत्याच्या दिवसांत कृत्यें फार बारीक आणि भीति फार मोठी असते. हॉल फक्त कृत्यें सांगतो आणि भीति वाचकावर सोंपवितो.

या मालेचें एक व्याकरणविषयक वैशिष्ट्य ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ती ‘मी’ आणि ‘तूं’ अशी लिहिलेली नाहीं. ‘तो’ आणि ‘ती’ अशी लिहिलेली आहे. संग्रहांत कांहीं कविता प्रथमपुरुषी आहेत. परंतु दुखण्याचा मुख्य वृत्तांत तृतीयपुरुषी आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर मात्र कवि तिला पत्रें लिहूं लागतो, आणि तेथें ‘मी’ व ‘तूं’ प्रकट होतात. म्हणजे जोंवर ती जवळ होती तोंवर ती ‘ती’ होती, आणि कायमची दूर गेल्यावर ‘तूं’ झाली! वरवर उलटें वाटणारें हें व्याकरण अनुभवाच्या दृष्टीनें अगदीं सरळ आहे. शुश्रूषा करणाऱ्या माणसाला ‘मी’ म्हणण्यास सवडच नसते. त्याच्या वहींत तिच्या तापाचे आंकडे असतात, तिच्या गोळ्यांच्या वेळा असतात. स्वतःविषयीं एक ओळही नसते. आपण स्वतःला कोठें तरी ठेवून आलों आहों आणि काम संपल्यावर परत घेऊं, अशा अवस्थेंत तो वावरतो. काम संपतें तेव्हां तो ‘मी’ परत मिळतो खरा. पण ज्या ‘तूं’साठीं तो हवा होता ती नसते.

ज्या कवितेवरून संग्रहाला नांव मिळालें तींत विरामचिन्ह एकही नाहीं. औषधांचीं नांवें, रोगांचीं नांवें, उणिवा आणि नाश यांची एकच सलग रांग. स्वल्पविराम नाहीं, पूर्णविराम नाहीं. अशा युक्त्या आम्हांस एरव्हीं रुचत नाहींत. येथें मात्र ती युक्ति वाटत नाहीं. इस्पितळांतल्या दिवसांना वार नसतो, ऋतु नसतो. बाहेर वसंत आला हें सोबत्याला कोणीं सांगितलें तरच कळतें. वाक्याला थांबा नसणें हें अशा दिवसांचें यथातथ्य वर्णन आहे. दुसऱ्या एका कवितेंत हॉल इस्पितळाला जहाज म्हणतो. यंत्रांची धडधड चालू आहे, मजल्यामजल्यावर उतारू आहेत, आणि हें जहाज कोणत्याच बंदराला लागणार नाहीं असें हळूहळू उमगतें. महिनाभर ज्यानें कोणा आप्तासाठीं इस्पितळाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्याला ही प्रतिमा समजावून सांगण्याची गरज पडूं नये.

परंतु या संग्रहांतलें सर्वांत धाडसाचें स्थळ आमच्या मतें वेगळेंच आहे. शेवट जवळ आल्यावर नवऱ्याच्या मनांत असा विचार येतो कीं हे दुखण्याचे, सेवेचे महिने आपल्याला पुढें आठवतील, आणि त्यांची उणीवही भासेल. आणि हें उमगतांच त्याला लाज वाटते. केवढें सत्य हें, आणि किती थोड्या लोकांनीं उघड केलेलें! सेवा करणारा माणूस दमतो, चिडतो, हें आपण जाणतों व क्षमा करतों. पण त्याला त्या सेवेंत एक घर सांपडतें, दिवसाला एक घडी बसते, आपण कोणाला तरी अत्यंत हवे आहों असें सुख लागतें, आणि हें सुख दुसऱ्याच्या यातनेवर उभें असतें, हें कबूल करण्यास मोठें धैर्य लागतें. आमच्याकडे शुश्रूषेची स्तुति झाली ती त्याग म्हणून. तिच्यांतलें हें लज्जास्पद सुख सांगणारा कवि त्यागाची पायरी खालीं आणीत नाहीं. त्यागाच्या देवळांतून माणसाला बाहेर काढून पुन्हा माणसांत बसवितो.

आतां एक आक्षेप घेतलाच पाहिजे, आणि तो हलका नाहीं. जिनें यातना भोगल्या ती बोलूं शकत नाहीं; जो जवळ बसला होता तो तिचे झडलेले केस, तिच्या वांत्या, तिचा बुद्धिभ्रंशाचा क्षण जगापुढें मांडतो. त्याला हा अधिकार कोणीं दिला? आमच्या घरांत तर रोगाचें नांवही मोठ्यानें उच्चारीत नाहींत. ‘गांठ आहे’, ‘रक्त कमी आहे’ अशा आडोशाच्या भाषेंत वर्षें निघून जातात. पुष्कळदां रोग्यालाच सांगितलें जात नाहीं, आणि रोगी सर्व समजून न समजल्याचें सोंग करतो. अशा समाजांतील वाचकाला हॉलचा उघडेपणा निर्लज्ज वाटला, तर त्याला एकदम अरसिक ठरवूं नये.

या आक्षेपाला खरें उत्तर हॉलनें दिलेलें नाहीं. तें जेननें दिलें आहे. १९९६ सालीं, तिच्या मृत्यूनंतर, तिच्या निवडक कवितांचा ‘अदरवाइज’ हा संग्रह निघाला. त्यांत ‘द सिक वाइफ’ नांवाची शेवटची कविता आहे. औषधांनीं तिचीं बोटें बधिर झालीं होतीं, लेखणी धरवत नव्हती; म्हणून तिनें ती तोंडानें सांगितली आणि नवऱ्यानें लिहून घेतली. नवरा दुकानांत सामान घेण्यास गेला आहे, आजारी पत्नी बाहेर मोटारींत बसून आहे. कांचांवर वाफ धरूं लागली आहे, आणि शेजारच्या मोटारी ज्या चपळाईनें निघून जातात ती चपळाई पाहून तिच्या काळजाला घर पडतें. एवढीच कविता. ती पुरी झाली असें कवयित्रीला म्हणतां आलें नाहीं, तेवढे दिवस तिला मिळाले नाहींत. पण पाहा, तिनेंही स्वतःविषयीं लिहितांना ‘ती’ असाच प्रयोग केला आहे. नवऱ्यानें जें अंतर राखलें तेंच बायकोनें राखलें. आणि नवऱ्यानें पुढें जें लिहावयाचें त्याची वाट तिनें आपल्या सांगण्यानें, त्याच्याच हातून, घालून दिली. त्या खाटेवर एक कवि होता आणि खाटेजवळ एक. दुखणें हें दोघांचें सामाईक लेखन झालें होतें. हॉलनें नंतरच्या एका निबंधांत म्हटलें आहे कीं सुखी जोडपीं एकमेकांच्या डोळ्यांत पाहत बसत नाहींत. दोघेंही मिळून एखाद्या तिसऱ्या वस्तूकडे पाहतात, मग ती तळें असो, काव्य असो कीं खेळ असो. आम्हांस असें वाटतें कीं त्या पंधरा महिन्यांत ही तिसरी वस्तु दुखणेंच झालें होतें. दोघांनीं त्याच्याकडे एका दिशेनें, न लपवितां पाहिलें. जेथें रोग्यापासून रोग लपविला जातो तेथें उशाशीं बसलेला माणूस आणि खाटेवरचा माणूस दोन निरनिराळ्या दिशांना पाहत असतात. सोबत असूनही सोबत होत नाहीं.

शेवटच्या अकरा दिवसांचें वर्णन करणारी कविता हा या विचाराचाच पुरावा आहे. दोघें मिळून तिच्या संग्रहांत कोणत्या कविता घ्यावयाच्या हें ठरवितात, अंत्यविधीच्या वेळचीं स्तोत्रें निवडतात, मृत्युवृत्त कसें लिहावें याचा खल करतात. हें वाचून प्रथम धक्का बसतो. मग लक्षांत येतें कीं वीस वर्षें रोज सकाळीं जें काम त्यांनीं बरोबर केलें तेंच तीं आजही करीत आहेत. तिचा अखेरचा शब्दही असाच साधा आहे. तीन तास ती बोललेली नसते. तो म्हणतो, हीं पत्रें पेटींत टाकून येतों. आणि ती नुसता होकार देते. एखाद्या नाटककारानें अखेरचें वाक्य म्हणून असा होकार लिहिला असता तर आम्हीं त्याला कल्पनाशून्य म्हटलें असतें. संसार मात्र अशाच होकारांवर चाललेला असतो.

गद्य पुस्तकाची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. एक प्रकरण दुखण्याचें, एक प्रकरण पूर्वींच्या सुखाच्या दिवसांचें, अशी गुंफण शेवटपर्यंत चालते. त्यामुळें मरणानें आयुष्याचा अर्थ ठरूं नये, त्याला एवढें मोठें स्थान मिळूं नये, हा लेखकाचा आग्रह न सांगतां कळतो. जेनला तारुण्यापासून विषादरोगाचा त्रास होता. तोही हॉलनें पूर्वीं सोसला, समजून घेतला. त्या प्रकरणांवरून कळतें कीं शुश्रूषा हें कर्करोगाबरोबर त्या घरांत आलेलें नवें काम नव्हतें. जानेवारी १९९४ नंतरच्या एका वर्षांत दोघांच्याही माता वारल्या. त्याही दुःखाला या घरांत रांगेंत उभें राहून आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागली.

याच्या शेजारीं सी. एस्. लुइसचें ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ हें पुस्तक ठेवून पाहावें. १९६१ सालीं तें टोपणनांवानें निघालें. लुइसची पत्नी जॉय डेव्हिडमन हिला हाडांत पसरलेला कर्करोग होता. १९५६ सालीं पडून मांडीचें हाड मोडलें तेव्हां तो उघडकीस आला. मार्च १९५७ मध्यें ऑक्सफर्डच्या इस्पितळांत, ती जगणार नाहीं अशा समजुतीनें, धर्मगुरूनें खाटेजवळच त्यांचा धार्मिक विवाह लाविला. पुढें आश्चर्य असें कीं ती सुधारली. घरीं आली, पुन्हा चालूं लागली, आणि १९६० च्या एप्रिलमध्यें दोघें ग्रीसचा प्रवासही करून आलीं. त्याच वर्षीं जुलैंत ती वारली. आतां हीं तीन वर्षें, अंथरुणांतून काठीपर्यंत आणि काठीपासून ग्रीसपर्यंतचीं, पुस्तकांत कितपत आहेत? जवळजवळ नाहींतच, आहेत तीं आठवणीच्या कवडशांसारखीं. लुइसचें पुस्तक मृत्यूनंतर सुरू होतें, आणि त्याचा झगडा ईश्वराशीं आहे. त्या झगड्यांत जी प्रामाणिकता आहे तिला आमचा नमस्कार असो. परंतु लुइस प्रश्न विचारतो आकाशाला, आणि हॉल विचारतो परिचारिकेला. सोबत्याच्या आयुष्यांत दोन्ही प्रश्नांना स्थान आहे. साहित्यांत आजवर पहिल्यालाच मान मिळाला, एवढेंच सुचवावयाचें आहे.

आणि आपल्याकडे? मराठींत उशाशीं बसून लिहिलेलें जें उत्कृष्ट लेखन आहे त्याचा मान एका स्त्रीकडे जातो. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या पुस्तकाच्या अखेरीस न्यायमूर्तींच्या शेवटच्या आजाराचा जो भाग आहे, तो ज्यांनीं वाचला त्यांना पुन्हा वाचण्याची विनंति आहे. रोग हृदयाचा; १६ जानेवारी १९०१ रोजीं मुंबईस न्यायमूर्ति वारले. आपली वेदना बोलून दाखविण्याचा ज्यांचा स्वभाव नाहीं अशा पतीचा चेहरा वाचीत पत्नी दिवस काढते. वाढलेलें ताट, बोलण्याचा सूर, झोंपेचा वेळ यांवरून दुखण्याचा अंदाज बांधते. याच रमाबाईंनीं पुढें सेवासदनाच्या द्वारें स्त्रियांना परिचारिकेचें शिक्षण मिळवून दिलें, हा केवळ योगायोग म्हणवत नाहीं. पण एक गोष्ट मनांत सलते. आमच्या समाजांत नवऱ्याचें दुखणें बायको काढते. बायकोचें दुखणें मात्र तिची आई, बहीण किंवा सासू काढते, आणि नवरा दारांत उभा राहून ‘कसें आहे?’ म्हणून विचारतो व औषधाचे पैसे देतो. पुरुषाच्या शुश्रूषेचें वाङ्मय आमच्याकडे विरळा आहे, कारण ती शुश्रूषाच विरळा होती. हॉल पत्नीची पाठ चोळतो, भांडें उचलतो, पथ्याचें रांधतो, तिच्या गोळ्या मोजतो. यांत आपण कांहीं जगावेगळें करीत आहों असा त्याचा सूर कोठेंही नाहीं. आमच्या तरुण संसारी वाचकांनीं हीं पुस्तकें वाचावीं असें आम्हांस वाटतें, तें विशेषतः या सूरासाठीं.

एका पतीच्या दुःखाची खूण मुंबईंत मात्र दगडाविटांत उभी आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं उत्तर वेल्समधील एका शुश्रूषागृहांत रक्ताच्या कर्करोगानेंच वारल्या. पुढच्याच वर्षीं दोराबजींनीं त्यांच्या नांवें रक्तकर्करोगाच्या संशोधनासाठीं निधि स्थापिला, आणि त्याच वर्षीं तेही गेले. दोराबजींच्या विश्वस्तनिधीनें १९४१ सालीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. आज त्या रुग्णालयाच्या परिसरांत गेलें कीं सोबत्यांचें एक निराळेंच गांव दिसतें. विदर्भ-मराठवाड्यांतून, बंगाल-बिहारांतून आलेलीं माणसें. हातांत कागदांची पिशवी, खांद्यावर पाण्याची बाटली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत कित्येकांचें बिऱ्हाड. सिअॅटलमधील भाड्याच्या खोलींत हॉल जें करीत होता तेंच तेथें कोणी शेतकरी आपल्या बायकोसाठीं करीत असतो. मराठींत रोग्यांनीं स्वतः लिहिलेलीं अनुभवकथनें आतां अपूर्व राहिलीं नाहींत. पण त्या पायरीवर पिशवी घेऊन बसलेल्या नवऱ्याचा ग्रंथ अजून आमच्या पाहण्यांत नाहीं.

दोष सांगितल्यावांचून परीक्षण पुरें होत नाहीं. ‘विदाउट’च्या उत्तरार्धांतील पत्ररूप कविता आरंभीं हृदय पिळून काढतात, पुढें मात्र शेतघरांतील बारीकसारीक वार्ता, कुत्र्याच्या हालचाली, येणारेजाणारे पाहुणे यांची गर्दी होते, आणि दुसऱ्याच्या घरचीं खासगी पत्रें आपण वाचीत आहों असा संकोच वाचकाला वाटूं लागतो. गद्य पुस्तकांत औषधांच्या व तपासण्यांच्या याद्या कधीं कधीं एवढ्या लांबतात कीं दुखण्याचा कंटाळा सांगतां सांगतां लेखक वाचकालाही त्यांत ओढतो. शिवाय २००२ सालच्या ‘द पेंटेड बेड’ या संग्रहांत हॉल शोकांतून वासनेकडे निःसंकोचपणें वळला आहे. त्याच्या सत्यप्रियतेविषयीं शंका नाहीं. पण पूर्वींच्या संग्रहांतली जी संयमित उंची, ती तेथें टिकलेली नाहीं.

या दोषांनीं मूळ यशाला बाध येत नाहीं. साहित्यशास्त्रानें जो काळ करुण आणि विप्रलंभ यांच्या मधल्या पडीक जमिनीसारखा सोडून दिला होता, तेथें या कवीनें पंधरा महिने बसून, बोटानें रेघ ओढावी तशा साध्या ओळींनीं पीक काढलें आहे. ज्यांच्या घरांत आज कोणी अंथरुणावर आहे त्यांना या पुस्तकांतून सांत्वन मिळेलच असें वचन आम्ही देत नाहीं. हॉलनेंही तें दिलेलें नाहीं. परंतु रात्रीं तिसऱ्या प्रहरीं गोळीची वेळ झाली म्हणून उठणारा माणूस, दिवा लावतांना, आपल्यासारखाच दुसरा एक माणूस पूर्वीं उठला होता, त्यानें लाजही लपविली नाहीं आणि प्रेमही मिरविलें नाहीं, एवढें आठवूं शकेल. तेवढ्यासाठीं हीं दोन पुस्तकें, आणि त्यांच्या जोडीला जेनची ती एक अपुरी कविता, मराठी वाचकानें संग्रहीं ठेवावीं अशी आमची शिफारस आहे.